कॉफी मशीनचं पाणी गळू नये म्हणून

सख्यांनो, ज्या गटांनी कॉफीचा स्टॉल टाकलाय आणि दांड्याचं एस्प्रेसो मशीन थेट नळाला जोडलंय, त्यांच्यासाठी हा धडा. अशा मशीनच्या पाइपात पाण्याचा दाब रात्रीही असतो. पाइप सुटला तर सकाळपर्यंत पाणी वाहतं आणि गटाचं भांडवल पाण्यात जातं. थेंबालाही लहान समजू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ४ लिटर!

१. स्टॉल बंद करताना आधी वीज बंद, मग मशीनमागचा कॉक बंद. सकाळी आधी कॉक उघडा, काचेच्या नळीत पातळी बघा, मगच वीज लावा. बॉयलर कोरडा असेल तर कॉइल जळते.

२. पाणी भरायचा व्हॉल्व्ह बंद असूनही काचेतली पातळी चढतेय? व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला असेल. मेकॅनिककडून साफ करून घ्या. बोअरचं पाणी असेल तर सॉफ्टनर बसवा.

३. आठवड्यातून एकदा प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. ओला झाला तर पाना जोरात आवळू नका, वॉशर बदला.

४. हँडलच्या कडेने पाणी येत असेल तर रबरी गॅस्केट कडक झालंय, नवं घाला. दांडा पूर्ण वर येऊन पाणी थांबेपर्यंत हँडल काढू नका, भाजेल.

ताईंनो, येत्या बैठकीत एवढं ठरवा: रोज कॉक बंद करायची पाळी कुणाची? नावं वहीत लिहा आणि बंद केल्यावर सही करा.