परदेशी शेती शिकायला जाताना

परदेशी शिकायला जाणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर किंवा इंजिनिअर उभा राहतो. १८८३ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी कल्याणच्याच. परंतु शेती शिकायला कुणी समुद्र ओलांडणार म्हटले की लोक हसतात. माझ्या मावसभावाने कृषी पदवीनंतर नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात जायचे ठरविले, तेव्हा आमच्या चाळीतील एका काकांनी विचारले, "भात लावायला विमानाने कशाला जायचे?"

वास्तविक ही वाट जुनी आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०६ साली आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांना इलिनॉय विद्यापीठात शेती शिकायला धाडले. त्याच सुमारास वर्धा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस गेले. मजुरी करीत त्यांनी कृषिशिक्षण घेतले आणि गदर चळवळीतही उडी घेतली. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. मायदेशी परतायला मात्र त्यांना स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावे लागले. ऐन उमेदीतले त्यांचे ज्ञान परक्या मातीला लाभले, ही गोष्ट मला फार लागते.

आता दादाच्या तयारीकडे वळू. मावशीचे शेत कल्याणजवळ खाडीकाठी आहे. खारबांध फुटला किंवा उघाडी नीट मिटली नाही की भरतीचे पाणी खाचरात शिरते आणि भात पिवळे पडते. नेदरलँड्सचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीखाली आहे. बांध घालून, पाणी उपसून तिथल्या लोकांनी जमीन राखली. म्हणून दादाला तिथेच जायचे आहे.

पासपोर्ट, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा ही कामे खेटे घालून का होईना, उरकली. खरी अडचण आली ती 'का शिकायचे' हे सांगणाऱ्या निवेदनाची. दादाचा पहिला मसुदा जगाची भूक भागविण्याविषयी होता. "तू आर्ट्सची, तू बघ," म्हणून तो माझ्याकडे आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे इंग्रजी ते काय! पण वाचून मी म्हटले, "दादा, यात तुझे शेत कुठे आहे?" मग आम्ही मावशीला विचारीत बसलो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कोणते खाचर किती वर्षे पडीक राहिले, हे तिने बोटावर मोजून सांगितले. दादाने त्या खाचरांची माती तपासून घेतली. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. मावशीने दाखविलेली दोन्ही खाचरे त्याच्या वर निघाली! 'उघाडी'ला इंग्रजी शब्द शोधण्यात आमची एक संध्याकाळ गेली. शेवटी शब्द मराठीच ठेवला आणि पुढे दोन ओळींत समजावून सांगितला.

राहता राहिला पैसा. मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. काका सातबारा घेऊन एका बँकेत गेले, तर साहेब म्हणाले, "शेतजमीन चालत नाही. फ्लॅट आहे का?" याला कारण आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकले तरी त्या कायद्याने बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. तरतूद शेतकऱ्याच्या रक्षणाची खरी, पण तिच्यामुळेच शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाला त्याचे शेत कामी येत नाही. शेताला रस्ता लागून असल्याने बिल्डर मात्र पैसे द्यायला एका पायावर तयार आहे. म्हणजे शेती शिकण्यासाठी शेत घालवायचे! मग दादा शिकून येणार तो कुणाच्या खाचरात? खानखोज्यांना परकीय सत्तेने अडविले होते. दादाला तर कुणीच अडविलेले नाही.

काकांचे म्हणणे वेगळे. "पोरगा शिकला की दहा शेते घेईल," असे ते म्हणतात. त्यांनी आयुष्यभर चिखल तुडविला आहे, तेव्हा त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या आषाढात खाडीकडच्या खाचरात दादाने 'पनवेल ३' हे खारे पाणी सोसणारे भात लावले. प्रवेशाचे पत्र आले आहे. बिल्डरच्या करारनाम्यावर काकांनी अजून सही केलेली नाही.