पेशीचे दोर

पेशीचें चित्र काढावयास सांगितलें म्हणजे आमच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी एक मोठें वर्तुळ काढतात, त्याच्या मध्यभागीं एक लहान वर्तुळ काढून त्यास केंद्रक हें नांव देतात, आणि उरलेली जागा मोकळी ठेवतात. चित्र चुकीचें नाहीं; पण तें पाहून अशी समजूत होण्याचा संभव आहे कीं, पेशी म्हणजे पातळ रसानें भरलेली एक पिशवी होय. ही समजूत खरी धरून चालल्यास मोठी अडचण उभी राहते. तळहात कुऱ्हाडीच्या दांड्यावर घासला, गालाची आंतील बाजू दांतांखालीं सांपडली, किंवा आंतडें अन्नानें फुगलें, तर अशा पिशव्या त्याच क्षणीं फुटावयास पाहिजेत. त्या फुटत नाहींत. कां फुटत नाहींत, आणि ज्यांच्या फुटतात त्यांचें काय होतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

वनस्पतींना हा प्रश्न पडत नाहीं. वरूडच्या कोणत्याहि बागेंतील संत्र्याचें झाड घ्या. त्याच्या प्रत्येक पेशीभोंवतीं सेल्युलोज या द्रव्याची भिंत असते, आणि त्या भिंतींच्या बळावर झाड उभें राहतें. कापसाचा धागा म्हणजे हेंच सेल्युलोज, जवळजवळ शुद्ध स्वरूपांत. प्राण्याच्या पेशीस अशी भिंत नाहीं. कीटकांनीं अंगावर बाहेरून कठीण कवच घेतलें. मनुष्य, गाय, बेडूक इत्यादि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनीं मात्र निराळी व्यवस्था केली. त्यांनीं पेशीच्या आंत दोर ओढून बांधले.

या दोरांस सांप्रतचें शास्त्रीय नांव त्यामानानें उशीरा मिळालें. १९६८ सालीं अमेरिकेंत हॉवर्ड होल्ट्झर व त्यांचे सहकारी वाढीस लागलेल्या स्नायूंच्या पेशी विद्युत्-सूक्ष्मदर्शकानें पाहत होते. स्नायूंत एक बारीक व एक जाड असे दोन प्रकारचे तंतु असतात, हें पूर्वींच ठाऊक होतें. त्यांस या दोहोंच्या मधल्या जाडीचा तिसरा तंतु दिसला, म्हणून त्यास ‘मध्यम तंतु’ म्हणूं लागले. हें नांव आम्हांस फारसें पसंत नाहीं, कारण जाडीपलीकडे तें कांहींच सांगत नाहीं. परंतु तें जगभर रूढ झालें आहे, तेव्हां आपणहि तेंच वापरूं. त्याची जाडी सुमारें १० नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लक्ष सारखे भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात.

हा तंतु कसा वळला जातो हें समजण्यास अंबाडीचा दोर वळणारा शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. तो वाखाचे पेड करतो, पेडांस पीळ देतो आणि अनेक पेड एकत्र वळून दोर करतो. पेशींतहि हेंच घडतें. प्रथिनाचे दोन लांब रेणु शेजारीं शेजारीं येऊन एकमेकांस पीळ घालतात. अशा दोन जोड्या, एकीचें तोंड पूर्वेस तर दुसरीचें पश्चिमेस अशा रीतीनें, बाजूस बाजू लावून बसतात. चार रेणूंचे असे आठ गट एकत्र आले म्हणजे दोराचा एक तोकडा तुकडा तयार होतो. त्यांत ३२ रेणु असतात. हे तुकडे टोकास टोक जोडून लांब तंतु बनतो आणि मग आंवळून घट्ट होतो. दोन मळसूत्री रेणूंचा पीळ एकमेकांत नीट कसा बसतो, हें फ्रान्सिस क्रिक यांनीं १९५२ सालीं गणितानें दाखविलें. त्यापूर्वीं, १९३० नंतरच्या दशकांत, लीड्स येथें विल्यम ॲस्टबरी यांनीं मेंढीच्या लोंकरीवर क्षकिरण सोडून तिच्या रेणूंच्या घडणीचा मागोवा घेतला होता. म्हणजे ज्या वस्तूचें आजचें नांव १९६८ मध्यें पडलें, तिचाच अभ्यास लोंकरीच्या रूपानें आधींपासून चालू होता.

जोड्या उलटसुलट बसल्यामुळें या दोरास शेंडाबुडखा नसतो. पेशींत आणखी दोन जातींचे तंतु आहेत. त्यांस शेंडाबुडखा असतो, आणि मालाचीं ओझीं घेऊन जाणारे कांहीं रेणु त्यांवरून ठराविक दिशेनें चालतात. मध्यम तंतूवरून अशी वाहतूक होत नाहीं. तो रस्ता नव्हे. तें दावें आहे. ताणला असतां तो मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक लांबतो, पण सहसा तुटत नाहीं. शिवाय त्वचेंतील एका पेशीचे दोर जेथें संपतात तेथें डेस्मोसोम नांवाच्या खुंट्या असतात, आणि त्याच खुंटीस पलीकडून शेजारच्या पेशीचे दोर बांधलेले असतात. त्यामुळें एका जागीं बसलेला ताण शेंकडों पेशींत वांटला जातो.

हें सर्व अदृश्य आहे असें मात्र समजूं नये. त्वचेंतील मध्यम तंतूंचें प्रथिन केराटिन होय. आणि केंस, नखें, बैलाचीं शिंगें व खूर, धनगराच्या घोंगडीची लोंकर हीं मुख्यत्वें केराटिनचींच झालेलीं आहेत. कापसाचा एक धागा व लोंकरीचा एक धागा चिमट्यांत धरून वडीलधाऱ्यांच्या देखत जाळून पाहावा. कापूस कागदाप्रमाणें जळतो. लोंकर आकसते आणि केंस जळाल्याचा वास येतो. तो वास केराटिनमधील गंधकाचा आहे. (पक्ष्यांच्या पिसांतील द्रव्यासहि केराटिनच म्हणतात, पण त्याची घडण निराळी असून तें या कुळांतील नव्हे.)

कूळ मोठें आहे. मनुष्यामध्यें मध्यम तंतूंचीं सुमारें ७० जनुकें आहेत आणि त्यांपैकीं ५४ एकट्या केराटिनचीं आहेत. यांतील विशेष गोष्ट अशी कीं, ज्या त्या इंद्रियाचा दोर निराळा असतो. त्वचेच्या तळच्या थरांत केराटिन ५ व १४, आंतडें व यकृत यांत केराटिन ८ व १८, स्नायूंत डेस्मिन, अवयवांस जोडणाऱ्या पेशींत व्हिमेंटिन, मज्जातंतूंत न्यूरोफिलामेंट, आणि केंद्रकाच्या आवरणास आंतून अस्तर लावणारे लॅमिन. यामुळें एक दोर बिघडला असतां सर्व शरीर सारखें बिघडत नाहीं. ज्या इंद्रियाचा तो दोर, त्या इंद्रियास रोग होतो.

याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स या रोगाचें आहे. या रोगांत किंचित् घासलें तरी त्वचेवर पाण्याचे फोड येतात. कित्येकांस ते केवळ तळहात व तळपाय यांवर येतात, कित्येकांस जन्मापासून सर्वांगावर. १९९१ सालीं अमेरिकेंत इलेन फ्युक्स व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांस केराटिन १४ चें सदोष जनुक दिलें, तेव्हां त्या उंदरांच्या कातडीवर तसेच फोड आले. त्याच वर्षीं या रोगाच्या मनुष्यांमध्येंहि तसाच दोष सांपडला. केराटिन १४ हा ४७२ मण्यांचा सर मानला, तर पुष्कळशा रोग्यांत त्यांतील १२५ वा मणी तेवढा बदललेला असतो. तेवढ्यानें पीळ सैल पडतो, दोर गोळा होऊन बसतात, आणि तळच्या थरांतील पेशी खरोखरच पिशवीसारखी फुटते. फोड म्हणजे तेथें सांचलेलें पाणी.

या रोगाविषयीं आम्हांस विशेष आग्रहानें सांगावयाचें तें हें कीं, तो सांथीचा नाहीं व संसर्गानें कोणासहि होत नाहीं. तो जनुकांतील दोष आहे. बहुधा आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून येतो, आणि कधीं कधीं घरांत पूर्वीं कोणास नसतांहि नव्यानें उद्भवतो. फोड दिसले म्हणून एखाद्या मुलास निराळ्या बांकावर बसविणें, त्याची पाटी-पुस्तकें बाजूस ठेवणें, यास शास्त्राचा मुळींच आधार नाहीं. त्याच्या जोड्याचें कातडें मऊ पाहिजे, आणि कवायतींतून त्याला सूट मिळाली पाहिजे. उष्ण्यानें फोड वाढतात, म्हणून वऱ्हाडांतील चैत्र-वैशाख अशा मुलास फार कठीण जातात. मोठा फोड निर्जंतुक सुईनें टोंचून पाणी काढावें, वरची कातडी मात्र तशीच राहूं द्यावी. हें वैद्याकडून शिकून घ्यावें. दोष समूळ घालविणारें औषध अद्यापि नित्याच्या उपचारांत आलेलें नाहीं.

लॅमिन बिघडल्यानें होणाऱ्या रोगांपैकीं एक पुष्कळांनीं चित्रपटांत पाहिला आहे. २००९ सालच्या ‘पा’ या हिंदी चित्रपटांतील मुलास प्रोजेरिया हा रोग दाखविला होता. त्यांत लहान मूल झपाट्यानें वृद्धासारखें दिसूं लागतें. त्याचें कारण लॅमिन ए या प्रथिनाच्या जनुकांतील एका अक्षराचा बदल होय, हें २००३ मध्यें समजलें, आणि २०२० मध्यें अमेरिकेंत त्यावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. तें आयुष्य कांहींसें वाढवितें. रोग बरा करीत नाहीं. मद्यपी मनुष्याच्या यकृतांतहि केराटिनच्या गुठळ्या आढळतात. फ्रँक मॅलरी यांनीं त्या १९११ सालींच पाहिल्या होत्या. पण त्या कशाच्या आहेत हें ठरण्यास बराच काळ लोटला.

आतां आमच्या प्रांताशीं ज्याचा निकट संबंध आहे, त्या तोंडाच्या कर्करोगाकडे वळूं. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भांत किती खपतो, हें वाचकांस सांगणें नको. महाराष्ट्रांत २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी आली, तरी खऱ्र्याची संवय गेली नाहीं. तंबाखू न घालतां नुसती सुपारी खाल्ली म्हणजे अपाय नाहीं, असें पुष्कळ सज्जन समजतात. तेंहि खरें नव्हे. सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ मध्यें प्रसिद्ध केला.

गालाच्या आंतील अस्तराच्या तळच्या थरांत केराटिन ५ व १४ आणि वरच्या थरांत केराटिन ४ व १३ असावयाचे, असा नियम आहे. खर्रा दिवसभर एकाच जागीं दाबून धरला म्हणजे तेथील पेशी चिडतात व केराटिनचा जाड थर चढवितात. गालांत न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसतो, तो बहुधा हाच. त्यांतील कांहीं चट्टे पुढें कर्करोगांत पालटतात. आणि तसें होतांना दोरांचा नियम मोडतो. जे केराटिन ८ व १८ आंतड्यांत व यकृतांत असावयाचे, ते गालाच्या पेशींत दिसूं लागतात.

याच प्रश्नावर नवी मुंबईंत खारघर येथें, टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधनसंस्थेंत, डॉ. मिलिंद वैद्य व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं अनेक वर्षें काम केलें. परक्या घरचा हा दोर रोगाची केवळ खूण आहे, कीं रोगास मदतहि करतो, असा प्रश्न होता. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतून केराटिन ८ काढून टाकला, तेव्हां त्याचा जोडीदार १८ हि नाहींसा झाला आणि त्या पेशींचा रोगटपणा कमी झाला. पुढें २०१७ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, ज्या रोग्यांच्या गांठींत केराटिन १४ व व्हिमेंटिन हे दोन्ही एकत्र आढळतात, त्यांचा रोग अधिक वाईट वळण घेतो. व्हिमेंटिन हा मूळचा हिंडत्या पेशींचा दोर आहे. गालाच्या पेशीनें तो धारण केला म्हणजे तिचें शेजाऱ्यांशीं असलेलें बंधन सुटूं लागतें, आणि ती गळ्यांतील गांठींकडे वाट काढूं शकते.

तपासणीची रीत अशी आहे. वैद्य चट्ट्याचा किंवा व्रणाचा लहानसा तुकडा काढून घेतात, त्याचे अत्यंत पातळ काप करतात, आणि जरूर पडल्यास ज्या त्या दोरास चिकटणारीं प्रतिद्रव्यें त्यांवर सोडतात. जेथें तो दोर असेल तेथें तपकिरी रंग उठतो. गळ्यांत आलेली गांठ मुळांत कोठून आली हेंहि कित्येकदां याच रंगावरून ओळखतां येतें, कारण घर सोडून गेलेली पेशी आपल्या घरचा दोर बहुधा बरोबर नेते. तोंडांतील जो व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाहीं, जो पांढरा किंवा लाल चट्टा पुसला जात नाहीं, किंवा तोंड उघडण्यास जी अडचण होऊं लागली आहे, ती लगेच दाखवावी. आपल्या भागांतून जाण्यास नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय आहे, तसेंच तेथील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. तुकडा काढण्यापूर्वीं ती जागा बधिर करतात, आणि काम थोड्याच मिनिटांत उरकतें.