वाढते मूल आणि त्याचे वल्हे

ईदचा सदरा शिवायला टाकताना आमची अम्मी शिंप्याला बजावीत असे, "शिवणीत दोन बोटे माया ठेवा, पोर वाढते आहे." कपड्याच्या बाबतीत हा हिशेब रास्तच होय. होडी वल्हविण्याच्या खेळात मात्र तो जिवावर बेतू शकतो.

२०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत अर्जुन सिंह व सुनील सिंह सलाम यांनी दोघांच्या कनूच्या १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. येथील मुलांनाही पाण्याची ओढ आहेच. ती या खेळाकडे वळली, तर पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिले लाइफ जॅकेट. ते वयावर नव्हे, तर मुलाच्या वजनावर व छातीच्या घेरावर घ्यावे. सर्व पट्टे आवळून खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर मोठे आहे असे समजावे. पाण्यात मूल खाली जाईल आणि जॅकेट वर राहील! शिवाय ५० दर्जाचे जॅकेट केवळ पोहणाऱ्यांसाठी असते. पोहता न येणाऱ्या मुलास निदान १०० दर्जाचे हवे.

दुसरे वल्हे. कयाकच्या वल्ह्यास दोन्ही टोकांना पाती असतात. शर्यतीच्या अरुंद कयाकसाठी माप घेताना वल्हे उभे धरावे व मुलाने हात सरळ वर करावा; बोटे वरच्या पात्याच्या कडेवर वळली पाहिजेत. होडी रुंद असेल, तर वल्हे थोडे लांब लागते. दांडा मुठीत धरल्यावर अंगठा बोटांना सहज भेटावा. पातेही लहान असावे. मोठे पाते दर ओढीला अधिक पाणी अडविते, आणि तो सारा भार खांद्यावर व मनगटावर पडतो. वाढत्या हाडांची टोके अजून कोवळी असतात, हे विसरू नये.

तिसरे पायांचा आधार. बसल्यावर गुडघे किंचित वाकलेले असावेत व तळवे पुढील फळीला टेकावेत. पाय लोंबकळत राहिले, तर सर्व जोर हातांवरच येतो.

वयात येताना एखादे मूल वर्षात ७ ते १० सेंटिमीटर वाढते. म्हणून दर तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे. दांडा कमीजास्त करता येणारे वल्हे मिळते. ते अधिक काळ पुरते.

खर्चाची अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय मोठे माप घेणे हा नव्हे. चार घरांनी मिळून निरनिराळ्या मापांची साधने ठेवावी. थोरल्याचे धाकट्याकडे, एका घरचे दुसऱ्या घरी जावे. मात्र पट्टा तुटलेले वा फाटलेले जॅकेट कोणासही देऊ नये. मुलाला साधनाजोगे करू नये. साधन मुलाजोगे असावे.