आपल्या देहांतील अदृश्य वसाहत

मनुष्याचें शरीर हें त्याच्या एकट्याचें नव्हे, असें कोणी म्हटल्यास तें एखाद्या तत्त्ववेत्त्याचें वचन वाटेल. परंतु तें जीवशास्त्रांतील साधें सत्य आहे. आपल्या त्वचेवर, मुखांत व विशेषेंकरून मोठ्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून राहतात. इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें सुमारें ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या देहांत त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लक्ष कोटि, तर जंतु सुमारें ३८ लक्ष कोटि असतात. या जंतूंचें एकत्र वजन मात्र पाव किलोहून अधिक भरत नाहीं. हे रहिवासी कोण, आणि वैद्यकास त्यांची ओळख कशासाठीं हवी, याचा थोडक्यांत विचार करूं.

इ. स. १६८३ मध्यें हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नामक कापडाच्या व्यापाऱ्यानें दांतांवरील कीट भिंगाखालीं पाहिलें, आणि त्यांत हालचाल करणारे जीव आढळल्याचें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. पुढें १८८२ मध्यें रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु शोधून काढला, आणि जंतु म्हणजे शत्रु ही समजूत लोकांत दृढ झाली. जंतु ओळखण्याची तेव्हांची रीति म्हणजे त्यास काचेच्या बशींत खाद्य घालून वाढविणें. परंतु आतड्यांतील पुष्कळ जंतु प्राणवायूच्या स्पर्शानें मरतात. ते बशींत वाढेनात. आणि जें वाढलें नाहीं, तें जणूं अस्तित्वांतच नाहीं, असें होऊन बसलें.

ही अडचण जनुकवाचनानें दूर केली. प्रत्येक जंतूच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचा धाग्यासारखा पदार्थ असतो, व त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्याच्या जीवनाचा आराखडा लिहिलेला असतो. या अक्षरांचा क्रम लावणें म्हणजेच जनुकवाचन. सर्व जंतूंत आढळणारें, सुमारें १५०० अक्षरांचें, १६ एस नांवाचें एक जनुक आहे. त्याचा कांहीं भाग सर्वांत सारखा, तर कांहीं भाग निरनिराळ्या जातींत निराळा असतो. सारख्या भागावरून जनुक सांपडतें, निराळ्या भागावरून जंतूचें कूळ कळतें. इ. स. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनीं याच मार्गानें जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली. आज त्याच तत्त्वावर चिमूटभर विष्ठेवरून शेंकडों जातींची खानेसुमारी करतां येते.

अमेरिकेनें २००७ मध्यें मानवी जंतुसमूहाच्या वाचनाचा मोठा प्रकल्प हातीं घेतला. त्यांत २४२ निरोगी स्त्रीपुरुष तपासले गेले, व २०१२ मध्यें त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यक्तिव्यक्तींत जंतूंच्या जाती फार भिन्न आढळल्या. त्यांचीं कामें मात्र पुष्कळशीं सारखीं होतीं. गांवोगांव घराणीं वेगळीं असावींत, पण कुंभार, लोहार व सुतार यांचीं कामें सर्वत्र चालावींत, तसाच हा प्रकार होय.

ही घडी विस्कटली तर काय होतें? प्रतिजैविक औषधें रोगजंतूंबरोबर उपकारक जंतूंचाहि संहार करतात. मग क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नांवाचा जंतु मोकळें रान पाहून माजतो, आणि त्याच्या विषानें आतड्यांचें अस्तर सुजून अतिसार जडतो. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें मिनेसोटा विद्यापीठांतील वैद्यांनीं अशा एका रुग्ण स्त्रीच्या आतड्यांत निरोगी मनुष्याच्या विष्ठेंतील जंतु सोडले. दोन आठवड्यांनंतरच्या तपासणींत तिच्या जंतूंची वसाहत दात्याच्या वसाहतीसारखी झालेली दिसली, व रोगहि गेला होता. हॉलंडांत याच उपायाची पद्धतशीर परीक्षा झाली, व २०१३ मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत १६ रुग्णांपैकीं १३ जण पहिल्याच प्रयोगानें बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन हें औषध घेणाऱ्या १३ पैकीं मात्र ४ जणच बरे झाले.

तथापि हुरळून जाणें इष्ट नव्हे. २०१९ मध्यें अमेरिकेंत अशाच उपचारानंतर दोघां रुग्णांस औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंची बाधा होऊन एकाचा मृत्यु झाला. दात्याची त्या दृष्टीनें तपासणी झाली नव्हती. शिवाय मधुमेह, स्थूलता इत्यादि विकारांत जंतूंची यादी बदललेली दिसते, एवढ्यावरून तेंच कारण ठरत नाहीं. बेडूक ओरडतात तेव्हां पाऊस येतो; म्हणून बेडूक पाऊस आणीत नाहींत. आहार व देश यांप्रमाणेंहि ही वसाहत बदलते, म्हणून परक्या देशाचें कोष्टक आपणांस जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत भारतीयांच्या जंतूंचा अभ्यास झाला आहे, त्याचें महत्त्व यांतच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या ज्ञानाचा आपणांपुरता बोध साधा आहे. साध्या पडशासाठीं शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या गिळूं नयेत. पडसें विषाणूंमुळें होतें, त्यावर प्रतिजैविक चालत नाहीं, आणि हकनाक बळी पडतात ते आपले निरुपद्रवी सोबती. वैद्यानें औषध दिलें असतां मात्र तें त्याच्या सांगण्याप्रमाणें घ्यावें. शत्रु कोणता व मित्र कोणता, हें ओळखूनच शस्त्र उचलावें, हा नियम रणांगणाइतकाच रुग्णाच्या खाटेपाशींहि खरा आहे.