शीख धर्माची तत्त्वे : एक अभ्यास

गुरू नानक (१४६९-१५३९) हे शीख धर्माचे संस्थापक. ईश्वर एकच आणि सर्व माणसे समान, हे या धर्माचे मूलतत्त्व होय. नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणे ही त्याची तीन सूत्रे. लंगरमध्ये सारे एकाच पंगतीत बसतात. जातीने शिंपी असलेल्या संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १७०८ साली नांदेड येथे याच ग्रंथाला गुरुपद मिळाले.

येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी या धर्माचाही गंभीर विचार केला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी बुद्ध धम्म स्वीकारला. धम्म ईश्वर मानत नाही, हा भेद आपण विसरू नये. परंतु लग्न जुळविताना आपणच पोटजात विचारीत असू, तर पंगतीचा हा धडा आपल्यालाही गिरवावा लागेल.