साखळी-दुकाने व आपत्तीतील मदत

नवी मुंबईत घणसोली येथे मोठी कचेरी असलेल्या रिलायन्स रिटेलच्या दुकानांची साखळी देशभर पसरली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा या साखळीने तयार अन्न, ग्लुकोज इत्यादी वस्तू शासकीय छावण्यांत पोहोचविल्या. अशा वेळी साखळीचे खरे बळ पैशापेक्षा साठ्यात असते. माल जवळच्या वखारीत आधीच भरलेला असतो व कोठे काय शिल्लक आहे, हे संगणकावर तत्काळ कळते. परंतु वाटच तुटली तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात झाडे व विजेचे खांब कोसळून रस्ते अडले होते. यास्तव भूगोलाच्या तासास शिक्षकांनी मुलांकडून गावचा नकाशा काढून घ्यावा आणि विचारावे : पूल पाण्याखाली गेल्यास गावच्या दुकानातील तांदूळ, मीठ, काडेपेट्या किती दिवस पुरतील? उत्तर अंदाजाने न देता दुकानदारास विचारून आणण्यास सांगावे.