‘पुएब्लो’ : एक शब्द, अनेक अर्थ

सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश भाषा आज आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत शिकविली जाते. ती शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच ‘पुएब्लो’ हा शब्द भेटतो. शब्दसंग्रहात त्यापुढे ‘गाव’ असा अर्थ दिलेला असतो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि पुढे वर्तमानपत्र वाचू लागला की अडखळतो. कारण तिथे ‘पुएब्लो’ मतदान करतो, ‘पुएब्लो’ रस्त्यावर उतरतो, ‘पुएब्लो’ सार्वभौम असतो. गाव हे सारे कसे करील? या एका शब्दाचे अर्थ नीट समजून घेतले, तर भाषेबरोबर इतिहासाचाही एक धडा हाती लागतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पोपुलुस’ हे होय. त्याचा अर्थ लोक, जनसमूह. इंग्रजीतील ‘पीपल’ हा शब्दही त्याच मुळापासून फ्रेंचमार्गे आला. म्हणजे ‘लोक’ हा अर्थ आधीचा. लोक जिथे वस्ती करून राहतात ते ठिकाण, हा अर्थ नंतरचा.

आता वाक्ये पाहू. ‘वीवो एन उन पुएब्लो’ म्हणजे ‘मी एका गावात राहतो’. हे गाव ‘आल्देआ’ या लहान वाडीपेक्षा मोठे आणि ‘सिउदाद’ या शहरापेक्षा लहान. माद्रिदसारख्या शहरात नोकरी करणारी माणसे उन्हाळ्याच्या सुटीत ‘पुएब्लो’ला जातात, तेव्हा तो शब्द आपल्या ‘गावाला जाणे’ या प्रयोगाइतकाच जिव्हाळ्याचा असतो. मात्र ‘पुएब्लेरीनो’ हे त्यापासून बनलेले विशेषण पुष्कळदा ‘गावंढळ’ या अर्थाने हिणवण्यासाठी वापरतात.

‘एल पुएब्लो मेहिकानो’ म्हणजे ‘मेक्सिकोची जनता’. येथे भूगोल मागे पडतो आणि राज्यशास्त्र पुढे येते. स्पेनच्या १८१२ च्या कादिस संविधानाने सार्वभौमत्व ‘राष्ट्रा’कडे असल्याचे म्हटले होते, १९७८ च्या संविधानाने ते स्पॅनिश ‘पुएब्लो’कडे असल्याचे नमूद केले. तिसरा अर्थ याला लागूनच आहे : सत्ताधारी आणि श्रीमंत यांच्याहून वेगळा असा सामान्य, कष्टकरी वर्ग.

येथे विद्यार्थ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मराठीत ‘लोक म्हणतात’ असे अनेकवचन येते. स्पॅनिशमध्ये ‘पुएब्लो’ जनता या अर्थी आला तरी क्रियापद एकवचनीच राहते. ‘एल पुएब्लो कीएरे पास’ म्हणजे ‘जनतेला शांतता हवी आहे’. दुसरे असे की, नुसती जमलेली माणसे सांगायची असतील तर ‘हेन्ते’ हा शब्द योजतात. ‘आय मूचा हेन्ते एन एल पुएब्लो’ म्हणजे ‘गावात खूप माणसे आहेत’. बाजारात भेटते ती ‘हेन्ते’. संविधान लिहिते तो ‘पुएब्लो’.

चौथा अर्थ इतिहासाने दिला. आज अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात मोडणाऱ्या प्रदेशात स्पॅनिश वसाहतवादी पोहोचले, तेव्हा तेथील मूलनिवासी मातीच्या बहुमजली घरांच्या स्थिर वस्त्यांत राहत होते. त्या वस्त्या पाहून स्पॅनिशांनी त्यांना ‘पुएब्लो’ म्हटले, आणि वस्तीचे नाव माणसांना चिकटले. त्यांच्या भाषा वेगवेगळ्या होत्या, स्वतःची नावे होती. पण नोंद झाली ती राज्यकर्त्यांनी दिलेल्या एका नावाने. १६८० मध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली याच लोकांनी उठाव केला. गाठी मारलेल्या दोऱ्या वस्त्यावस्त्यांत धाडल्या गेल्या. रोज एक गाठ सोडायची आणि गाठी संपल्या की उठायचे, असा तो संकेत होता. स्पॅनिश सत्तेला तेथून बारा वर्षे हद्दपार व्हावे लागले.

‘पुएब्लो’चे अनेकवचन ‘पुएब्लोस’. ‘लोस पुएब्लोस दे ला कोस्ता’ ही किनाऱ्यावरील गावे. पण ‘लोस पुएब्लोस इन्दीहेनास’ हे मूलनिवासी लोकसमूह. या दुसऱ्या प्रयोगामागे मोठा झगडा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये मूलनिवासी व आदिवासी यांच्यासंबंधी करार क्रमांक १०७ केला. त्याच्या स्पॅनिश शीर्षकात ‘पोब्लासिओनेस’, म्हणजे ‘लोकसंख्या’, हा शब्द होता, आणि या समूहांनी हळूहळू बहुसंख्याकांच्या जीवनात सामावून जावे अशी त्याची दृष्टी होती. १९८९ च्या करार क्रमांक १६९ मध्ये त्या जागी ‘पुएब्लोस’ आला. आपल्या विकासाचा अग्रक्रम स्वतः ठरविण्याचा हक्कही त्यात मान्य झाला. लोकसंख्या दुसरा कोणी मोजतो. लोकसमूह स्वतः बोलतो. मात्र या शब्दावरून आंतरराष्ट्रीय कायद्यातील अन्य अधिकार गृहीत धरू नयेत, असा खुलासाही त्याच करारात घालण्यात आला. एका शब्दाची सरकारांना किती धास्ती वाटते, हे त्यावरून कळते. मेक्सिकोने हा करार १९९० मध्ये स्वीकारला. भारताने १०७ क्रमांकाच्या कराराला १९५८ मध्ये मान्यता दिली. १६९ ला मात्र अद्याप दिलेली नाही.

मराठी माणसाला ‘पुएब्लो’ परका वाटू नये. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीतील गाव म्हणजे घरे नव्हेत, माणसेच. परंतु त्या ‘गावा’त कोणाची गणना होत होती? गावकुसाबाहेर राहणारे आपले पूर्वज गावाची कामे करीत, तरी ‘गाव’ जमले असे म्हणताना ते त्यात धरले जात नसत. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि मसुद्याने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. ‘पुएब्लो चीको, इन्फिएर्नो ग्रान्दे’, म्हणजे ‘गाव लहान, नरक महान’, अशी एक स्पॅनिश म्हणही आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी ‘पुएब्लो’ दिसताच प्रथम क्रियापद पाहावे. तेथे कोणी राहतो, येतो, जातो, तर ते गाव. तो स्वतः मागतो, ठरवितो, लढतो, तर ती जनता. मग आणखी एक प्रश्न विचारावा : या ‘जनते’त कोण धरले आहे आणि कोण वगळले आहे? त्याचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. त्यासाठी इतिहास वाचावा लागेल, आणि तो वाचण्याची सवय हीच शाळेने दिलेली खरी शिदोरी होय.